सोळा दिवसांची सुटी

गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला, आणि घरच्या मंडळींनीं न्यायाधीशाच्या आसनावर आम्हांस नेऊन बसविलें. खटला सुटीचा होता. ज्या कुटुंबांतील मुलगा अथवा मुलगी परदेशीं शिक्षकाचा पेशा करीत आहे, त्या कुटुंबांत हा खटला वर्षांतून दोन वेळां उभा राहतो, असें स्नेह्यांकडून समजतें. तेव्हां आमच्या घरची हकीकत वाचकांपुढें ठेवण्यास हरकत नाहीं.

आमच्या कैलासवासी वडील बंधूंची नात चि. मुक्ता ही आज तीन वर्षें थायलंडांत, बँकॉकपासून मोटारीच्या दोन तासांच्या अंतरावरील एका शाळेंत, गणित व इंग्रजी शिकवीत आहे. त्या देशांत शिक्षकास ‘ख्रू’ म्हणतात. हा आपला ‘गुरु’ शब्दच होय. प्रवासांत तो थोडा झिजला इतकेंच. आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत काढलीं, परंतु आम्हांस कोणीं ‘गुरु’ म्हटल्याचें स्मरत नाहीं. ‘मास्तर’ म्हणत, आणि पाठ फिरली म्हणजे आणखीहि कांहीं म्हणत. असो.

तेथील सरकारी शाळांचें वर्ष मे महिन्याच्या मध्यास सुरू होतें. पहिलें सत्र ऑक्टोबरच्या १० तारखेच्या सुमारास संपतें. दुसरें १ नोव्हेंबरास सुरू होऊन मार्चअखेरपर्यंत चालतें. म्हणजे ऑक्टोबरांत तीन आठवडे, आणि एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत दीड महिना, अशा दोन सुट्या. हें कोष्टक पाहून मुक्ताच्या मातोश्रींनीं, म्हणजे आमच्या सूनबाईंनीं, बोटें मोजलीं आणि जाहीर केलें कीं, मुलगी ११ तारखेस घरीं येईल व ३१ पर्यंत राहील. परंतु विद्यार्थ्यांची सुटी तीच शिक्षकांची सुटी, हा समज ज्यांनीं शाळा बाहेरून पाहिली आहे त्यांचाच असतो. मुक्ताच्या शाळेनें शिक्षकांस २७ तारखेस हजर होण्यास फर्माविलें होतें. उरले ते सोळा दिवस. २०२५ सालीं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरास होतें व भाऊबीज २३ रोजीं. म्हणजे दिवाळी त्या सोळा दिवसांच्या बरोबर पोटांत पडली. आणि मुक्तानें पत्र लिहिलें कीं, ह्या सुटींत आपणांस कंबोडियांतील अंकोर पाहावयाचें आहे.

घरांत गहजब झाला. आमच्या वहिनींचें वय शहायशीं आहे. “पुढच्या दिवाळीस मी असेन कीं नाहीं,” हें वाक्य त्या आज बारा वर्षें म्हणत आल्या आहेत. म्हणून कांहीं त्यांतील तथ्य कमी होत नाहीं, उलट दर वर्षीं तें वाढतच चाललें आहे. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, शेजारचे देश कोठें पळून जात नाहींत. पुतण्या वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसला. मुक्ताचें पत्र मात्र आम्हीं दोन वेळां वाचलें. तिनें लिहिलें होतें: “आप्पाआजोबा, गेल्या एप्रिलांत मी पांच आठवडे घरीं होतें. त्यांत मला सात ठिकाणीं दाखविण्यांत आलें, दोन मुंजी झाल्या, आणि निघतांना मी आलें होतें त्यापेक्षां अधिक दमून निघालें. पुण्याहून नागपूर जितकें दूर, त्याहून अंकोर मला येथून जवळ आहे. ही नोकरी आज ना उद्यां सुटेल. मग मी पुन्हा इतकी जवळ केव्हां येणार?”

ह्या प्रश्नास सूनबाईंजवळ उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याजवळहि नव्हतें. दोष मुळांत आमचाच. ही पोर दहा वर्षांची असल्यापासून आमच्याजवळ रूपावली घोकण्यास बसे. घोकून कंटाळली म्हणजे आम्ही तिला समुद्रापलीकडील संस्कृताच्या गोष्टी सांगत असूं: कंबोजाचे राजे शेंकडों वर्षें आपल्या शिळांवर संस्कृत श्लोक कसे कोरवीत होते, आणि दुसरा जयवर्मा ८०२ सालीं महेंद्रपर्वतावर कसा अधिराज झाला. आमचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. जें संस्कृत आलें तें पाठशाळेंत पाठीवर रट्टे खाऊन आलें. आणि ह्या शिळांपैकीं एकहि आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं.

इतकेंच काय, हंपीहि पाहिलेली नाहीं. १९९४ सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्ही व आमचे एक चित्रकला-शिक्षक स्नेही होस्पेटचीं तिकिटें काढून बसलों होतों. त्यांनीं विठ्ठलमंदिरांतील रथ रेखाटण्यासाठीं नवी वही आणली होती. ऐन वेळीं घरांत एक मंगलकार्य निघालें. पुढच्या वर्षीं जाऊं, असें ठरलें. पुढच्या वर्षीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला. त्याच्या पुढच्या वर्षीं आणखी कांहीं. ते स्नेही आज हयात नाहींत. ती वही त्यांच्या मुलानें हिशेबास वापरली. हंपी कोठें पळून गेली नाहीं, हें सूनबाईंचें म्हणणें अक्षरशः खरें आहे.

अशा न्यायाधीशाकडून निःपक्षपाती निकालाची अपेक्षा कोणीं करूं नये. तरीहि आम्हीं ठरविलें कीं, भावनेचा प्रश्न मागाहून पाहूं. प्रथम अंकोरास त्या दिवसांत जाणें शक्य तरी आहे कीं नाहीं, तें पाहूं. आणि येथेंच मुक्ताच्या बाजूचा पाया खचला.

बँकॉकहून अंकोरास जाण्याची स्वस्त वाट म्हणजे आगगाडीनें सरहद्दीवरील अरण्यप्रथेत गांवीं उतरावयाचें (हा आपला ‘अरण्यप्रदेश’), पायीं सीमा ओलांडावयाची व पलीकडे मोटारीनें सियाम रीप गांठावयाचें. परंतु २०२५ च्या मे महिन्यांत त्या दोन देशांच्या सैनिकांत चकमक झाली. जूनमध्यें सीमेवरील वाटा प्रवाशांस बंद झाल्या. जुलैंत पांच दिवस तोफा चालल्या. भांडण जुनेंच. प्रेह विहार नांवाचें एक प्राचीन शिवमंदिर डोंगराच्या कड्यावर उभें आहे. तें १९६२ सालीं आंतरराष्ट्रीय न्यायालयानें कंबोडियाच्या पदरीं घातलें, परंतु आसपासच्या जमिनीचा तंटा मिटला नाहीं. ज्या शंकरासाठीं ते दगड रचले, त्याच्याच दारांत तोफा उभ्या राहाव्या, हें पाहून खेद होतो. विमानाची वाट निराळी. परंतु सैन्यें समोरासमोर उभीं असतां एकट्या मुलीनें तिकडे जावें, असा सल्ला आमच्यानें देववेना. पुढें डिसेंबरांत तोफा पुन्हा वाजल्याच.

शिवाय पाऊस. परदेशस्थ शिक्षकाच्या सुटीचें खरें दुर्दैव हें कीं, तिचें आणि ऋतूचें जमत नाहीं. त्या भागांत प्रवासास उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा, आणि तेव्हां शाळा भरलेली असते. ऑक्टोबरांत कंबोडियांत पाऊस अजून ओसरलेला नसतो. तोनले साप सरोवर त्या सुमारास पुरतें फुगलेलें असतें. मध्य व्हिएतनामांत, जेथें चंपा राज्याचीं शिवमंदिरें आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तर वादळांचे व पुरांचे महिने. बरें, एप्रिलांत जावें, तर थायलंडचा उत्तर भाग आणि लाओस येथें शेतें व रानें जाळल्याचा धूर मार्च-एप्रिलांत इतका दाटतो कीं डोंगर दिसत नाहींत. आणि कंबोडियांतील दगड उन्हानें तापून पाय ठेवूं देत नाहींत. त्यांतच १३ ते १५ एप्रिल हा सोंगक्रानचा सण. हा शब्द म्हणजे आपली ‘संक्रांति’. सूर्य मेषेंत जातो तो दिवस. त्या आठवड्यांत सारा देश आपापल्या गांवीं निघतो आणि आगगाडींत उभें राहण्यासहि जागा मिळत नाहीं. आपल्याकडे गणपतीच्या आदल्या दिवशीं कोंकणांत जाणारांस हें निराळें सांगावयास नको.

नकाशा पुढें घेऊन आम्ही असे बसलों असतां एक गोष्ट ध्यानांत आली. विषुववृत्ताच्या दक्षिणेस, जावा बेटांत, पावसाचा हिशेब उलटा आहे. तेथें कोरडे दिवस साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत असतात. म्हणजे मुक्ताच्या ऑक्टोबरच्या सुटीस अनुकूल असा जवळचा देश तोच. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडांत सुग्रीव पूर्वेकडे निघालेल्या वानरांस वाट सांगतांना यवद्वीपाचें नांव घेतो. तेंच हें जावा, असें विद्वान् मानतात. सुग्रीवानें वानरांस एक महिन्याची मुदत दिली होती. आम्हांस ती गोष्ट एका आठवड्यांत बसवावयाची होती.

परंतु मार्ग ठरविण्यापूर्वीं आम्हीं मुक्तास एकच प्रश्न विचारला: “परवाना काढलास काय?” ह्या प्रश्नामागें इतिहास आहे, आणि ज्यांचीं मुलें बाहेर शिकवितात त्यांनीं तो अवश्य ऐकावा.

२०२४ च्या डिसेंबरअखेर नवीन वर्षाची चार दिवसांची सुटी आली. मुक्ता व तिच्या दोन सहशिक्षिका रात्रीच्या आगगाडीनें नोंग खाय येथें गेल्या, मेकोंग नदीवरील १९९४ सालीं बांधलेल्या पुलावरून लाओसांत शिरल्या, व्हिएनतियानहून २०२१ सालीं सुरू झालेल्या नव्या रेल्वेनें दोन तासांच्या आंत लुआंग प्रबांगास पोहोंचल्या, आणि भिक्षूंची पहाटेची भिक्षाफेरी पाहून आनंदानें परतल्या. पुलावर अधिकाऱ्यानें पासपोर्ट उघडला, उलटसुलट पाहिला व विचारलें, “पुनःप्रवेशाचा परवाना कोठें आहे?” तो नव्हता. थायलंडांत नोकरीसाठीं राहणाऱ्या परदेशीयास एक वर्षाची मुदतवाढ मिळते. परंतु हा परवाना घेतल्यावांचून त्यानें देशाबाहेर पाऊल टाकलें, कीं ती मुदतवाढ तेथल्या तेथें रद्द होते. पावसांत पुसली गेलेली रांगोळी जशी, तशी. अधिकाऱ्यानें तिला सामान्य प्रवासी म्हणून आंत घेतलें; आणि सामान्य प्रवाशास शिकविण्याचा अधिकार नसतो. परिणाम असा झाला कीं मुक्तास वर्ग सोडावा लागला, शाळेचे दाखले जमवून पुन्हा व्हिएनतियान गांठावें लागलें, नव्यानें व्हिसा काढावा लागला, आणि तीन आठवडे बिनपगारी गेले. निघण्यापूर्वीं तिनें शाळेच्या कचेरींत विचारलें होतें. तेथील कारकुनानें हंसून सांगितलें होतें कीं, कांहीं लागत नाहीं, अमुक बाई दर वर्षीं जातात. त्या बाईंच्या पासपोर्टांत वर्षभराचा परवाना आधींच चिकटविलेला होता, हें कारकुनास ठाऊक नव्हतें. त्याच्यावर आमचा राग नाहीं. परंतु ज्याचा शिक्का त्यासच विचारावें.

ह्या परवान्यास एका खेपेसाठीं १००० बाट पडतात व मुदतींत कितीहि खेपा करण्यासाठीं ३८००. आम्हीं मुक्तास त्रैराशिक घालून दिलें: तीन खेपांपर्यंत सुटा परवाना स्वस्त, चौथीस वर्षाचा. ती म्हणाली, दोन सुट्या, एक नवें वर्ष आणि आजी, चार होतातच. ‘आजी’ ही तिनें स्वतंत्र खेप धरली होती, ह्यावर सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांचा चेहरा जरा निवळला.

निकाल आम्हीं असा दिला. ११ तारखेस शाळा सुटेल. १२ रोजीं निघून क्वालालंपुरावरून जावांतील योग्यकर्तास जावें. १६ रोजीं परतावें. १८ रोजीं, धनत्रयोदशीस, घरीं यावें व २५ पर्यंत राहावें. म्हणजे पांच दिवस यवद्वीपास, आठ घरास, आणि मधले प्रवासाचे व कपडे धुण्याचे. निकालाचें दुसरें कलम असें होतें कीं, त्या आठ दिवसांत मुलीस कोणासहि दाखवूं नये. पहिल्या कलमापेक्षां ह्या कलमावरच अधिक वादळ झालें, आणि त्यानंतर पंधरा दिवस आमच्या चहांत साखर कमी येत होती.

मलेशियानें १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांस व्हिसा माफ केला होता, त्यामुळें क्वालालंपुरांत विमान बदलण्याची अडचण नव्हती. इंडोनेशियाचा व्हिसा उतरल्यावर मिळतो. त्यास पांच लाख पडतात. हा आंकडा सूनबाईंच्या कानीं पडतांच त्या पाटावर मटकन् बसल्या. ते पांच लाख रुपिये, आपले रुपये नव्हेत. आपल्या हिशेबानें तीन हजारांच्या आंतच, हें त्यांस पटवितां पटवितां संध्याकाळ झाली.

अन्नाची चिंता वहिनींस होती. थायलंडांत मासळीचें पाणी जवळजवळ प्रत्येक पदार्थांत घालतात, त्यामुळें नुसतें ‘मांस नको’ म्हणून भागत नाहीं. ‘जे’ हा शब्द सांगावा लागतो. शुद्ध शाकाहारास तेथें हा शब्द आहे आणि अशा खाणावळींवर पिवळें निशाण असतें. जावांत आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, ‘तेंपे’, सर्वत्र मिळतात. उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा रस घालून देतात, तो आपल्या जिभेस रुचणारा. मात्र त्यांत कोळंबीचें वाटण पडूं शकतें, तेव्हां विचारून घ्यावें. मुक्तानें मेतकूट बरोबर नेलें होतें.

तिनें जावाहून रोज रात्रीं पत्र धाडलें. बोरोबुदुरावर चढणारांची संख्या दिवसास १२०० पर्यंत मर्यादित केलेली होती, म्हणून नांव आधीं नोंदवावें लागलें. त्या स्तूपाच्या पहिल्या सज्ज्यांत ललितविस्तर ह्या संस्कृत ग्रंथाप्रमाणें बुद्धचरित्र कोरलें आहे. तें पाहण्यास तिला दोन तास लागले व वाटाड्या कंटाळला. प्रंबानन येथें नवव्या शतकांतील ब्रह्मा, विष्णु व महेश ह्यांचीं मंदिरें आहेत. तेथील रामायण शिवमंदिराच्या कठड्यावर सुरू होतें व ब्रह्मदेवाच्या मंदिरावर संपतें. म्हणजे कथा पुरी ऐकावयाची तर दोन्ही देवांस प्रदक्षिणा घातलीच पाहिजे. कोरड्या महिन्यांत तेथें रात्रीं उघड्यावर रामायणाचें नृत्यनाट्य होतें, पाठीमागें मंदिरांचीं शिखरें उजळलेलीं असतात. तिनें लिहिलें, “आप्पाआजोबा, मारुतीनें लंका पेटविली तेव्हां शेजारच्या बुरखा घेतलेल्या बाईंनीं माझा हात घट्ट धरला. त्यांस सारी गोष्ट पाठ होती.” हें वाचून आम्ही चष्मा पुसण्यास उठलों.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळीं ती घरीं आली. पिशवींतून तिनें गवतासारखी विणलेली पातळ पायताणें काढून वहिनींपुढें ठेवलीं. बोरोबुदुराचे दगड झिजूं नयेत म्हणून चढणाऱ्या प्रत्येकास हीं घालावीं लागतात. आपल्या केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचीं असतात व आसपासच्या खेड्यांतील लोक तीं विणतात. वहिनींनीं तीं उलटून पाहिलीं व विचारलें, “ह्यांस काय म्हणतात ग?”

“उपानत्,” मुक्ता म्हणाली.

आम्हांस वाटलें, पोर आमची थट्टा करते. परंतु तेंच नांव, तेथील लोकांनीं दिलेलें. ‘उपानह्’ हा शब्द चालवितांना आम्हीं किती पिढ्यांस रडविलें असेल! प्रथमेच्या एकवचनांत शेवटच्या हकाराचा तकार होतो, हें एकाहि मुलाच्या लक्षांत राहत नसे; आणि जावांत तें रूप चटईच्या जोड्यावर जसेंच्या तसें बसलें आहे. वहिनींनीं तीं पायताणें देवघराबाहेरील कोनाड्यांत ठेवलीं आहेत. “बुद्ध झाला तरी नववा अवतारच,” असें त्यांनीं सूनबाईंस सांगितलें.

आठ दिवस लवकर सरले. सूनबाईंस अजूनहि तो हिशेब पटलेला नाहीं. मुलगी सोळा दिवस येऊं शकत होती आणि आठ आली, एवढेंच त्यांस दिसतें, आणि आईच्या जागेवरून पाहतां दुसरें कांहीं दिसावें अशी अपेक्षाहि आम्ही करीत नाहीं. मात्र भाऊबीजेच्या दिवशीं मुक्ता स्वयंपाकघरांत आपण होऊन सकाळीं पांचास उठून आली होती, हें त्यांनींच आम्हांस सांगितलें.

आतां एप्रिलचा प्रश्न पुढें आला आहे. आम्हीं कळविलें आहे कीं, सोंगक्रानच्या आठवड्यांत कोठेंहि हलूं नये. १० तारखेच्या आंत घरीं यावें. अंकोराचें कांहीं ठरवूं नये. तोंपर्यंत बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जाऊन स्दोक कोक थोम येथील १०५२ सालचा शिलालेख पाहून यावा. देवराजाच्या उपासनेची व पुरोहितांच्या वंशाची हकीकत त्यावर संस्कृतांत आहे, आणि तो पाहण्यास कोणतीहि सरहद्द ओलांडावी लागत नाहीं. श्लोकांचीं छायाचित्रें धाड, वाचून अर्थ कळवितों, असेंहि लिहिलें.

तिचें उत्तर आलें कीं, छायाचित्रांत अक्षरें नीट उठत नाहींत. आपण स्वतः येऊन वाचावीं. वहिनींनीं तें पत्र मोठ्यानें वाचून घेतलें व म्हणाल्या, “भावजी, गुडघ्याचें निमित्त सांगूं नका.” पासपोर्टास लागणारें छायाचित्र आम्हीं काढून आणलें आहे. अर्ज अजून भरलेला नाहीं.